दहा मिनिटांचं परीक्षण

शिकागो
२५ जुलै १९८२

ती. पद्माताईस सा. न.

तुझ्या कॉलमची कात्रणं मिळाली. भुताटकीच्या हॉटेलाच्या सिनेमाचा तिसरा भाग तू असा सोलून काढला आहेस की नीला हसून हसून रडायला लागली. नागपूरला तू माझे इंग्रजीचे निबंध तपासायचीस तेव्हा मीही रडायचो, पण हसत नव्हतो. तू अमेरिकेतल्या पेपरात सिनेमांची परीक्षणं लिहितेस आणि मी टीव्हीला जोडायचे खेळ बनवतो, हे मावशीला अजून खरं वाटत नाही. प्रत्येक पत्रात विचारते, 'गिरीश, ते सगळं ठीक, पण तू ऑफिसात काम काय करतोस?'

आता तिला सांगण्यासारखं काहीतरी आहे. गेलं दीड वर्ष मी दुसऱ्यांचे खेळ दुरुस्त करत होतो. गेल्या सोमवारी मॅनेजरने माझी स्वतःची कल्पना पास केली. संत्र्यांची बाग! काटोलला तुमच्या बागेत वानरं यायची आणि आपण पत्र्याचे डबे वाजवायचो, तेच. खेळणाऱ्याने बाग राखायची. वानरं चार दिशांनी येतात, आणि तीही हुशार होत जातात. हे सगळं चार हजार अक्षरांच्या जागेत बसवायचं, म्हणजे तुझ्या एका कॉलमपेक्षा कमी. त्यात चित्रं, आवाज, वानरांची अक्कल, सगळंच. एकेक अक्षर वाचवताना जीव जातो, पण मजा येते, ताई. खूप दिवसांनी मजा येते आहे.

दुसरी बातमी नीलाची. फेब्रुवारीत आमच्याकडे बाळ येणार आहे. तिची हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी चालू आहे. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या आमच्या घराखालच्या दुकानात आता कैरी मिळते, त्यामुळे तिचं बरं चाललं आहे.

भाऊजींना नमस्कार, विनीताला हाय.

तुझा
गिरीश

*

ॲन आर्बर
४ ऑगस्ट १९८२

चि. गिरीश आणि चि. सौ. नीला यांस अनेक आशीर्वाद.

दोन्ही बातम्या वाचून घरात गोड केलं. तुझ्या भाऊजींनी वानरांच्या नावाने एक वाटी शिरा जास्त खाल्ला. नीला, जिने चढताना दम लागला तर थांबत जा. कामावर आपण दमलो हे कोणाला कळू द्यायचं नाही, ही सवय वाईट. मला आहे म्हणून सांगते.

गिरीश, तुला मजा येते आहे हे वाचून मला हेवा वाटला. खरंच. या उन्हाळ्यात मी एकोणीस सिनेमे पाहिले, त्यातले अकरा कशाचा ना कशाचा पुढचा भाग होते. सकाळी दहाला मॉलमधल्या रिकाम्या थिएटरात आम्ही पाच परीक्षक, पुढच्या खुर्चीवर पाय टाकून. एकजण चक्क घोरतो, आणि त्याचं परीक्षण माझ्याआधी छापून येतं. पहिल्या भागात जो मेला म्हणून मी हळहळले, तो दुसऱ्या भागात उठून बसतो. मग तिसऱ्यात कोणी मेलं तरी मी घड्याळ बघते. नऊ वर्षं झाली या कॉलमला. सुरुवातीला अंधार झाला की मी खुर्चीत पुढे सरकून बसायचे. आता अंधार झाला की चष्मा काढून डोळे चोळते.

आणि वाचकांची पत्रं! गेल्या आठवड्यात एकाने लिहिलं, मॅडम, तुम्हाला आमचे सिनेमे आवडत नसतील तर तुमच्या देशाचे बघा. तेही वर्षानुवर्षं बघून आले आहे, बाबा.

आता आमच्या एडिटरने, हॅस्कलने, आणखी एक ओझं दिलं. ख्रिसमसला बाजारात येणारे टीव्हीवरचे खेळ कंपन्या आधी पाठवतात, त्यांच्यावरही लिहायचं. का, तर 'पद्मा, यू हॅव अ किड ॲट होम.' किड बारा वर्षांची आहे आणि माझ्याशी फक्त जेवायला काय आहे एवढंच बोलते. तरी मी प्रत्येक खेळ तासभर खेळते, मगच लिहिते. न पाहता लिहिणं माझ्याच्याने होणार नाही.

तुझा खेळ आला तर मात्र मी त्यावर लिहिणार नाही. घरच्या माणसावर लिहू नये. पण खेळेन नक्की.

तुझी
पद्माताई

*

शिकागो
२२ ऑगस्ट १९८२

ती. ताई,

घाईत लिहितो आहे. बाग छान चालली आहे. वानरं आता झाडावर चढायला शिकली.

एक काम होतं. कमांडर कोबाल्टचा तिसरा भाग थँक्सगिव्हिंगला येतो आहे ना? त्याची काही रिळं प्रेसला दाखवली असं ऐकलं. तू गेली होतीस का? माझ्या ऑफिसातल्या एका मित्राकडे त्या सिनेमावरचा खेळ आला आहे. सिनेमावाल्यांनी त्याला सहा फोटो पाठवले आहेत, बाकी काही नाही. कोबाल्ट कसा उडतो, शहरावरून की समुद्रावरून, शत्रू कोण, एवढं तरी कळलं तर बिचाऱ्याला बरं पडेल. लवकर लिहिलंस तर उपकार होतील.

नीला ठीक. मी ठीक.

गिरीश

*

ॲन आर्बर
२७ ऑगस्ट १९८२

चि. गिरीश,

तुझं पत्र आज आलं, लगेच लिहिते आहे. हो, गेले होते. वीस मिनिटांची रिळं आणि नंतर थंडगार सँडविचं. शहरावरूनच उडतो. खूप छपरं, धुराडी, पाण्याच्या टाक्या. एक खांदा खाली टाकून तिरका उडतो. का, ते विचारू नकोस, पहिल्या भागात त्या खांद्यात गोळी लागली होती म्हणे. डोक्यावर निळं शिरस्त्राण. शत्रूकडे काळी गोल विमानं आहेत, आपल्या पोळपाटांसारखी. एवढंच लक्षात आहे. खरं सांगायचं तर शेवटची पाच मिनिटं मी बाहेर येऊन कॉफी घेत होते.

तुझ्या मित्राला माझी सहानुभूती कळव. फोटो बघून खेळ बनवायचा म्हणजे लग्नाचा अल्बम बघून संसार करण्यासारखं आहे.

तू या असल्या कामात नाहीस हे देवाचे उपकार. वानरं सांभाळ.

तुझी
पद्माताई

*

ॲन आर्बर
६ डिसेंबर १९८२

चि. गिरीश,

तीन महिन्यांत तुझी एक ओळ नाही. फोन केला तर नीला म्हणते 'झोपलेत' किंवा 'ऑफिसात आहेत'. असो. मीही लिहिलं नाही. पण आज लिहायला कारण आहे. सोबतचं कात्रण वाच.

तुझ्या मित्राचा तो कोबाल्टचा खेळ गेल्या महिन्यात माझ्याकडे आला. त्यावर मी जे लिहिलं ते डेट्रॉइटच्या मोठ्या पेपरने उचललं, आणि परवा तुमच्या शिकागोच्या पेपरातही आलं! नऊ वर्षांत पहिल्यांदा. रेडिओवाल्यांनी बोलावलं होतं, सहा मिनिटं बोलले. हॅस्कल मला पहिल्यांदा त्याच्या खोलीत खुर्चीवर बस म्हणाला. शेजारच्या बाईने फाटकापाशी थांबवून माझी वाक्यं मलाच म्हणून दाखवली.

तुझं इंग्रजी चांगलं आहे, तरी सगळ्यात गाजलेला तुकडा मराठीत लिहिते, आईला पत्रात उतरवून पाठव म्हणून: 'कमांडर कोबाल्ट या खेळात केळ्याची साल फेकावी तसा तिरका उडतो, धुराड्यावर आपटतो, आणि पुन्हा आपटण्यासाठी उडतो. ज्या कोणी हा खेळ बनवला त्याने तो एकदाही स्वतः खेळून पाहिलेला नसावा. मुलांना काहीही दिलं तरी चालतं असं मानणाऱ्या माणसाचं हे काम आहे. त्याला मुलं नसावीत, आणि नसतील तर बरंच आहे.'

तुझ्या मित्राला वाईट वाटेल, पण तू सांग त्याला, बाजारात उतरलं की हे आलंच.

किती वर्षांनी वाक्यं आपणहून आली, गिरीश. मला वाटत होतं, माझं संपलं.

तुझा खेळ कधी येतो? नीलाची तब्येत?

तुझी
पद्माताई

*

शिकागो
१६ डिसेंबर १९८२

ती. ताई,

कात्रण मिळालं. अभिनंदन. छान लिहिलं आहेस. ऑफिसात सगळ्यांनी वाचलं.

बागेचं काम जरा लांबलं आहे. इथे बर्फ खूप पडला. नीला बरी आहे.

गिरीश

*

शिकागो
२० जानेवारी १९८३

ती. पद्माताईंना नीलाचा सा. न.

हे पत्र मी लॅबमधून लिहिते आहे. यांना माहीत नाही आणि कळलं तर चिडतील. पण मला आता गप्प बसवत नाही, म्हणून तुमची माफी मागून लिहिते.

ताई, कोबाल्टचा खेळ मित्राचा नव्हता. यांचा होता.

संत्र्यांची बाग ऑगस्टमध्येच बंद केली त्यांनी. मॅनेजर म्हणाला, सिनेमाचे हक्क घेतलेत, थँक्सगिव्हिंगच्या आधी खेळ दुकानात पाहिजे, आणि हातातलं काम टाकून तो करायला तूच मोकळा आहेस. मोकळे कुठे होते? पण नाही म्हणायची सोय नव्हती. आमच्या ग्रीन कार्डाचे कागद त्याच कंपनीने भरले होते. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव घालत नाहीत, त्यामुळे तुम्हाला कळायचा प्रश्नच नव्हता. मी म्हणत होते, ताईंना सांगून टाका. हे म्हणाले, "ती असल्या सिनेमांची कशी चेष्टा करते ते वाचतेस ना? तिला वाटतंय मी काहीतरी स्वतःचं करतोय. वाटू दे."

तुमचं परीक्षण मॅनेजरने ऑफिसच्या बोर्डावर लावलं. कोणाचं काम आहे ते तिथे सगळ्यांनाच माहीत. हे रोज त्याच्यासमोरून जात होते. नाताळ झाल्यावर दुकानांतून खेळ परत यायला लागले, खोकीच्या खोकी. तीन जानेवारीला यांच्यासकट अकरा जणांना काढलं. नुसत्या तुमच्या लिहिण्याने काढलं असं मी म्हणणार नाही. तो खेळ लोकांनीच परत केला. पण जाताना मॅनेजरने ते कात्रण काढून यांच्या हातात दिलं, सुव्हेनिर म्हणून.

ग्रीन कार्डाचं आता पहिल्यापासून. तेही नव्या नोकरीने कागद भरले तर. हे दिवसभर अर्ज टाइप करतात. इंटरव्ह्यूत विचारतात, मागच्या वर्षी काय बनवलं? हे सांगतात, आणि समोरचा हसतो.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण तुम्ही लिहिलंत की बनवणाऱ्याने खेळ एकदाही खेळून पाहिला नसेल. ताई, मी त्या घरात राहत होते. जेवताना डाव्या हाताने खेळायचे. त्या पाच आठवड्यांत यांच्या अंगठ्याची साल गेली होती, मी पट्टी लावून देत होते. आणि मुलं नसतील तर बरं, हे वाचलं तेव्हा मला सातवा महिना होता.

तुम्हाला माहीत नव्हतं, हे मला कळतं. तरी लिहिलं. राग मानू नका, किंवा माना.

नीला

*

ॲन आर्बर
२९ जानेवारी १९८३

चि. गिरीश,

नीलाने मला सगळं कळवलं आहे. तिच्यावर चिडू नकोस. चिडायचं असेल तर पत्र शेवटपर्यंत वाच आणि माझ्यावर चीड.

चार दिवस मी हे पत्र सुरू करते आहे. आधी लिहिलं होतं की मला माहीत असतं तर लिहिलंच नसतं. ते फाडलं. आपल्या गिरीशऐवजी दुसऱ्या कोणाचा भाऊ असता तर चाललं असतं का, असं तुझ्या भाऊजींनी विचारलं. ते फार कमी बोलतात, पण बोलले की त्यावर विचार करण्यात दिवस जातो.

खरी गोष्ट अशी. मी तुला लिहिलं होतं की प्रत्येक खेळ तासभर खेळते. खोटं आहे. तुझा खेळ मी दहा मिनिटं खेळले. कदाचित दहाही नसतील. कोबाल्ट तीनदा धुराड्यावर आपटला, मी खेळायची दांडी, ती जॉयस्टिक, विनीताच्या हातात दिली आणि भाजी चिरायला गेले. ती थोडं खेळली आणि म्हणाली, "मॉम, इट्स बोरिंग." त्यावर मी टाइपरायटरला बसले. अर्ध्या तासात लिहून झालं. म्हणून तर वाक्यं आपणहून येत होती. अडवायला समोर काही नव्हतंच.

सिनेमांचंही तेच झालं आहे. गेल्या दोन वर्षांत किती सिनेमांतून मी शेवटाआधी उठले याचा हिशेब मला स्वतःला नाही. पुढचा भाग आहे ना, मग मागच्यासारखाच असणार, असं म्हणायचं आणि पार्किंगमधून गर्दीआधी गाडी काढायची. कोणाच्या लक्षात आलं नाही. वाचक उलट खूष होते.

मी मुलांबद्दल जे लिहिलं ते मला आता वाचवत नाही. नीलाची माफी मी वेगळी मागितली आहे. तुझी कशी मागू ते कळत नाही.

मी पेपरात हे सगळं लिहिणार आहे. तुझ्यावर किती घाई लादली, तेही.

पद्माताई

*

शिकागो
७ फेब्रुवारी १९८३

ताई,

पेपरात माझ्याबद्दल एक अक्षर लिहू नकोस. माझं नाव खोक्यावर नाही हे एकच माझ्या बाजूचं आहे. ते तरी राहू दे.

पाच आठवडे होते. सोळा ऑगस्टला सांगितलं, वीस सप्टेंबरला फॅक्टरीला द्यायचा. एरवी एका खेळाला सहा-सात महिने लागतात. सिनेमा मी पाहिलेलाच नव्हता. तू लिहिलंस म्हणून छपरं केली, तू लिहिलंस म्हणून धुराडी, तू लिहिलंस म्हणून तो तिरका उडतो. तिरका उडवायला मला तीन दिवस लागले. मग पेपरात वाचलं, केळ्याची साल.

खेळ वाईट आहे हे मला तुझ्याआधी माहीत होतं. धुराड्यातली चूक मला एकोणीस सप्टेंबरला सापडली. मॅनेजर म्हणाला, राहू दे, मुलांना कळत नाही. म्हणजे तू ज्या माणसाबद्दल लिहिलंस तो आमच्या ऑफिसात होता, फक्त तो मी नव्हतो.

तू वाईट म्हणालीस याचं मला फार काही वाटलं नाही. तू म्हणतेस तर असेलच, असं मी नागपूरपासून मानत आलो आहे. निबंधावर तू लाल शाईने 'पुन्हा लिही' असं लिहायचीस, मी लिहायचो. कात्रण आल्यावरही मी स्वतःला हेच सांगत होतो की ताईने तासभर बसून पाहिलं आणि तिला काहीच सापडलं नाही, म्हणजे त्यात काही नसेलच. दोन महिने मी हे धरून बसलो होतो. आता तू सांगतेस दहा मिनिटं.

मला सध्या पत्र लिहू नकोस. बाळ झालं की नीला कळवेल.

गिरीश

*

ॲन आर्बर
२७ मार्च १९८३

चि. गिरीश,

लिहू नकोस म्हणाला होतास, म्हणून नीलाचं पत्र आणि बाळाचा फोटो आल्यावरही मी थांबले. दीपा नाव छान आहे. कपाळ सगळं तुझं.

तू आता वाचशील की नाही माहीत नाही. घडलं ते सांगते.

हॅस्कलला मी सांगितलं की ते परीक्षण मी खेळ न खेळता लिहिलं. तो म्हणाला, "पद्मा, सगळे असंच करतात. लोकांना आवडलं ना?" मी म्हटलं, खुलासा छापायचा आहे. तो म्हणाला, खुलासा तारीख चुकली तर छापतात. तीन आठवडे मागे लागले तेव्हा वाचकांच्या पत्रांखाली पाच ओळी आल्या: अमुक खेळाचं परीक्षण मी दहा मिनिटं खेळून लिहिलं होतं आणि बनवणाऱ्याबद्दल जे म्हटलं त्याला काहीच आधार नव्हता. तुझं नाव नाही, नातं नाही, काही नाही. डेट्रॉइटच्या पेपराला पाठवल्या, त्यांनी छापल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात हॅस्कल म्हणाला की एप्रिलपासून सिनेमाचं पान कोणातरी तरुण माणसाकडे द्यावं म्हणतो. तो वाईट माणूस नाही. मी हो म्हटलं. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत अर्धवेळ काम आहे, ते घेते आहे. वाईट वाटलं, आणि खरं सांगू, झोपही लागली.

आणि मी तुझा खेळ खेळले. अकरा दिवस, रोज संध्याकाळी पाच ते सात. विनीताला विचारलं, शिकव. ती म्हणाली, "व्हाय? इट्स ओव्हर, मॉम." पण तिने शिकवलं. दांडी हलकी धरायची असते हे मला माहीतच नव्हतं. मी झाडू धरावा तशी धरत होते.

तू म्हणशील, आता ताई गोड बोलणार. नाही. खेळ वाईट आहे, गिरीश. दुसऱ्या पडद्यावर, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात, कोबाल्ट धुराड्यात अडकला की खेळाचं यंत्रच बंद करून पुन्हा लावावं लागतं. माझे असे तेवीस डाव गेले. पोळपाट सगळे एकाच वाटेने येतात, तिसऱ्या दिवशी मला ती वाट पाठ झाली. आवाज असा आहे की तुझे भाऊजी फिरायला जायला लागले. तिरकं उडणं मात्र चांगलं आहे. ते हाताला कळतं, डोळ्याला नाही. खांदा टाकून तो छपराच्या कडेवरून वळतो तेव्हा दांडी सोडावीशी वाटत नाही. हे मी लिहायला हवं होतं आणि मला ते माहीतच नव्हतं.

नवव्या दिवशी मी पहिल्यांदा तिसऱ्या पडद्यावर पोहोचले. तिथे ती पाण्याची टाकी आहे. माझा अंगठा इतका दुखत होता की मी कोबाल्टला टाकीवर उतरवलं, दांडी टेबलावर ठेवली आणि हात चोळत बसले. विनीता शेजारी गृहपाठ करत होती. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग ती म्हणाली, "मॉम, लुक."

कोबाल्ट बसला होता. टाकीच्या कडेवर, पाय खाली सोडून. मग त्याने डोक्यावरचा तो निळा ठिपका काढला आणि शेजारी ठेवला. पोळपाट वरून जात होते, पण त्याला काही करत नव्हते. पाय हळूहळू हलत होते, आधी एक, मग दुसरा. मी दांडीला हात लावला तसं त्याने शिरस्त्राण घातलं आणि उठला.

मी पुन्हा दांडी ठेवली. तो पुन्हा बसला. विनीताने वही मिटली. आम्ही दोघी किती वेळ बघत होतो कोण जाणे, चहा गार झाला. नऊ वर्षांत मी किती महामानव पाहिले असतील! उडताना, मारताना, मरताना, परत येताना. दमलेला एकही पाहिला नव्हता.

बाकीच्या पडद्यांवर करून पाहिलं, तिथे तो बसत नाही. फक्त तिथेच.

हे कोणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. खेळताना कोण थांबतं? आणि ज्याला पाच आठवडे दिले होते, त्याने हे केव्हा केलं असेल, ते मला कळत नाही. पण हे कोणी केलं ते मला माहीत आहे आणि ते तुला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

उत्तर लिहायलाच हवं असं नाही. दीपाला, नीलाला आशीर्वाद.

पद्माताई

*

शिकागो
९ एप्रिल १९८३

ती. ताई,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात आलं. मी दीपाला मांडीवर घेऊन वाचत होतो. टाकीपाशी आल्यावर नीलाला हाक मारली आणि तिला वाचायला दिलं, कारण मला पुढे दिसेना.

नीलालाही माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं. चौथ्या आठवड्यात एका रविवारी ऑफिसात मी एकटा होतो. काम इतकं साचलं होतं की कशालाच हात लावावासा वाटेना. म्हणून हे केलं. त्याला बसवायला, शिरस्त्राण काढायला आणि पोळपाटांना त्याला सोडून द्यायला लावायला एकूण शहाऐंशी अक्षरं गेली. ती जागा काढायला मी दुसरीकडचा एक स्फोट कमी केला. मॅनेजरने प्रोग्रामच्या छापील यादीत ते पाहिलं आणि म्हणाला, "हे काय? खेळताना कोण थांबणार? काढून टाक." मी काढलं असं सांगितलं. वीस सप्टेंबरपर्यंत रोज भीती वाटत होती की तो दांडी खाली ठेवेल. त्याने कधी ठेवली नाही.

बाकी तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. पोळपाटांची वाट तर तिसऱ्या दिवशी नाही, तासाभरात कळायला हवी होती, पण तू नवीन आहेस. तुझा कॉलम गेला हे वाचून आम्हा दोघांना वाईट वाटलं. मी तसं मागितलं नव्हतं. राग अजून थोडा आहे. खोटं कशाला लिहू? कात्रण अजून माझ्याकडे आहे. एकदा भेटल्यावर बोलू, किंवा नाही बोलू.

नॉर्थ कॅरोलायनात नोकरी मिळाली. रिसर्च ट्रँगलमध्ये, टेलिफोनच्या यंत्रांचे प्रोग्राम लिहायचे. कंपनी कागद भरणार आहे. मागच्या वर्षी काय बनवलं असं तिथल्या माणसाने विचारलं, मी सांगितलं. तो हसला नाही, म्हणाला, पाच आठवड्यांत चालू स्थितीत दिलंत? मला असा माणूस हवा आहे. मला हसू आलं. पुन्हा तेच. पण घराजवळ झाडं आहेत म्हणे, आणि दीपाला खोली मिळेल. खेळ मी आता बनवणार नाही. दमलो, ताई.

आम्ही मे महिन्यात सामान घेऊन गाडीने निघणार. वाट वाकडी करून आधी तुझ्याकडे येऊ, दोन दिवस राहू. नीला हो म्हणाली आहे. तिला विचारूनच लिहितो आहे. ती तुझ्याशी लगेच मोकळं बोलेल असं नाही, तू बोलत राहा.

लाखांनी ते खेळ बनवले होते. बहुतेक परत आले, आणि ऐकतो की उरलेल्या खोक्यांचं काय करायचं हा त्यांना प्रश्न पडला आहे. पण तो एका माणसाने खेळला.

भाऊजींना सांग, आवाजाबद्दल मला माफ करा. तो मी खरंच फार वाईट केला होता.

तुझा
गिरीश